फडक्यावर आलेला निळा रंग : गाडी घरी चमकवण्याची शंभर वर्षं

(या भागात जे बोललो, त्याचा हा लिखित मजकूर. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी ओघ तसाच ठेवलाय.)

आज लढाई नाही, तह नाही, राजा नाही. आजचा विषय आहे गाडी पुसणे. हसू नका. गाडी धुणं, पॉलिश करणं, वॅक्स लावणं या रविवारच्या कामालाही चांगला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे मी माझ्या पहिल्या नव्या गाडीचं वाटोळं केलं होतं. त्यामुळे आजचा भाग थोडा प्रायश्चित्त म्हणून ऐका.

सुरुवात घरापासून करतो. ऐंशीच्या दशकात ठाण्याला आमच्याकडे फियाट होती. सेकंडहँड, निळी. ज्यांनी विकली त्यांनी आम्हाला देण्याआधी ती गॅरेजमध्ये नव्याने रंगवून घेतली होती. महिन्यातल्या एका रविवारी बाबा सकाळी खाली उतरायचे. एका हातात पॉलिशचा चपटा डबा, दुसऱ्या हातात त्यांचाच जुना बनियन. मी बादली धरायला. बाबा बनियनच्या बोळ्यावर पॉलिश घ्यायचे आणि बॉनेटवर गोल गोल घासायला लागायचे. थोड्या वेळाने बोळा उलटा करून मला दाखवायचे. तो निळा झालेला असायचा. "बघ," म्हणायचे, "किती मळ होता!"

मला ते पटायचं. गाडी खरोखर लखलखायची. पण काही वर्षांनी बॉनेटच्या कडेला, जिथे पत्रा वळतो तिथे, निळ्यातून एक लालसर पट्टा डोकवायला लागला. रेड ऑक्साइडचा प्राइमर. बाबा म्हणाले, "हल्लीचे रंग पूर्वीसारखे राहिले नाहीत."

आता सरळ विचार करा. मळ निळा कसा असेल? फडक्यावर येत होता तो मळ नव्हताच, तो गाडीचा रंग होता. दर महिन्याला आम्ही गाडी थोडी थोडी पुसून टाकत होतो. मग बाबा चुकत होते का? उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. त्यासाठी आपल्याला ठाण्यातून निघून १९२० च्या आसपासच्या अमेरिकेत जावं लागेल.

व्हार्निशचे दिवस

पहिल्या मोटारी म्हणजे बिनघोड्याच्या बग्ग्या. त्या रंगवायचे ते बग्गी रंगवणारेच कारागीर, आणि पद्धतही बग्गीचीच. तेलात खललेला रंग ब्रशने लावायचा, वाळू द्यायचा, घासायचा, पुन्हा लावायचा. वर व्हार्निशचे हात. एक गाडी रंगून बाहेर पडायला तीन-चार आठवडे सहज लागायचे. हवा दमट असली तर आणखी.

श्रीमंताच्या एका बग्गीला हे ठीक आहे. पण दिवसाला हजार गाड्या बनवायच्या असतील तर? तीन आठवडे वाळायला लागतात म्हणजे कुठल्याही क्षणी एकवीस हजार गाड्या नुसत्या वाळत उभ्या आहेत, त्याही छपराखाली, धूळ बसू न देता. हेन्री फोर्ड यांनी आपल्यापुरती वाट काढली. डांबरी घटक असलेला काळा रंग द्यायचा आणि भट्टीत भाजून काढायचा. १९१४ पासून पुढची दहा-अकरा वर्षं त्यांची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायची, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल.

जनरल मोटर्सला मात्र रंगीत गाड्या विकायच्या होत्या. आणि त्यांना उत्तर मिळालं ते युद्धाच्या सामानातून.

बंदुकीची दारू आणि ड्युको

नायट्रोसेल्युलोज हे नाव अवघड आहे, पण वस्तू साधी. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हे बनवतात. प्रमाण एका बाजूला झुकवलं तर बिनधुराची दारू, दुसऱ्या बाजूला झुकवलं तर सिनेमाची फिल्म. ड्यूपाँ ही कंपनी पहिल्या महायुद्धात याचे डोंगर बनवत होती. युद्ध संपलं, कारखाने उरले. आता या मालाचं करायचं काय?

१९२० च्या जुलैमध्ये ड्यूपाँच्या एका प्रयोगशाळेत या द्रावणाचं एक पिंप सुट्टीत उकाड्यात तसंच राहिलं आणि परत येऊन बघतात तर घट्ट द्रावण पातळ झालेलं, अशी गोष्ट सांगतात. पातळ झालं म्हणजे त्यात भरपूर रंगद्रव्य मिसळता येईल आणि फवाऱ्याने मारता येईल. त्यातून जो रंग तयार झाला, त्याचं नाव ड्युको. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीच्या १९२४ च्या मॉडेलला तो निळ्या छटेत दिला गेला. आठवड्यांचं काम तासांवर आलं.

ड्युको! हा शब्द तुम्ही ऐकलाय. घरात किचनच्या ट्रॉल्या करायला सुतार येतो तेव्हा तो विचारतो ना, "दारांना ड्युको मारायचा की लॅमिनेट लावायचं?" तोच हा ड्युको. ब्रिटिश साम्राज्यात हा रंग आयसीआय कंपनीमार्फत पसरला, आपल्याकडे गॅरेजांत रुजला आणि तिथून फर्निचरवाल्यांच्या तोंडी गेला. शंभर वर्षांपूर्वीचं एक मोटारीच्या रंगाचं व्यापारी नाव आज आपल्या स्वयंपाकघरात उभं आहे.

रंग आले तशी दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन आली. दोन रंगांमधली रेघ सरळ कशी ठेवायची? रंगारी कागद चिकटवायचे आणि तो काढताना खालचा रंगही निघायचा. थ्रीएम कंपनीचा रिचर्ड ड्र्यू हा तरुण एका गॅरेजमध्ये कंपनीचा सँडपेपर तपासून घ्यायला गेला होता. तिथे त्याने रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकल्या आणि १९२५ मध्ये मास्किंग टेप तयार केली. तो ज्या कामासाठी गेला होता, तो सँडपेपरही आपल्या ओळखीचा आहे. पाणी लावून घासायचा, म्हणजे धूळ उडत नाही. तेव्हाच्या रंगांत शिसं असायचं, ती धूळ रंगाऱ्याच्या छातीत जायची. आपल्या गॅरेजांत त्याला आजही 'पाणी पेपर' म्हणतात.

आता आपल्या मुद्द्याची गोष्ट. ड्युको लवकर वाळायचा, पण फवाऱ्यातून आल्या आल्या चमकायचा नाही. मंद दिसायचा. चमक घासून आणावी लागायची. आणि उन्हात काही महिने राहिला की पुन्हा मंद व्हायचा. कारण असं की रंगात दोन गोष्टी असतात, रंगद्रव्याची पूड आणि ती धरून ठेवणारं बंधक. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातलं बंधक मोडतात, मग पूड सुटी होते. जुन्या चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की शर्टाला पांढरं लागतं ना, तसंच. हा मेलेला थर काढला की खालचा ताजा रंग दिसतो. म्हणजे ड्युकोच्या गाडीला घासणं ही चैन नव्हती, गरज होती. आणि फडक्यावर रंग येणं ही काम होत असल्याची खूण होती.

दोन डबे

तोपर्यंत आणखी एक बदल झाला होता. गाडी शोफरच्या हातातून मालकाच्या हातात आली होती. धुणं-पुसणं मालकावरच आलं. शिकागोमध्ये १९१० साली सुरू झालेल्या सिमोनाइझ कंपनीने ही गरज ओळखली. त्यांचं नाव इतकं घट्ट बसलं की अमेरिकन इंग्रजीत गाडी चमकवणे या अर्थी ते क्रियापदच झालं.

सिमोनाइझचे डबे दोन असायचे. एक क्लीनर, दुसरं वॅक्स. पहिल्याने मेलेला थर काढायचा, दुसऱ्याने उरलेल्यावर पांघरूण घालायचं. आजच्या भागातून एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : पॉलिश काढतं, वॅक्स घालतं. दोन्ही कामं एकमेकांच्या उलट आहेत.

हे वॅक्स यायचं कुठून? चांगल्या वॅक्समधला मुख्य घटक कारनौबा. ईशान्य ब्राझीलच्या सिआरा, पियाउई या कोरड्या भागात एक ताडाच्या जातीचं झाड होतं. पाण्याची वाफ होऊन जाऊ नये म्हणून ते पानांवर मेणाचा थर धरतं. कोरड्या ऋतूत पानं कापायची, उन्हात वाळवायची, झोडपायची, मग मेणाची पूड गळते. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, कारनौबा ८२ च्या पुढे. उन्हात बॉनेट किती तापतं ते ज्याने चटका खाल्लाय त्याला सांगायला नको. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्सन वॅक्स कंपनीचे मालक एच. एफ. जॉन्सन स्वतः पाण्यावर उतरणाऱ्या विमानात बसून ही झाडं बघायला ब्राझीलला गेले, इतकं त्यांचं पोट या पानावर अवलंबून होतं. या मेणामागे घाम मात्र कुणाचा, ते नोंदवून ठेवतो. कारनौबाच्या कापणीत गुलामीसारख्या स्थितीत राबणाऱ्या मजुरांची ब्राझीलच्या सरकारी निरीक्षकांनी अगदी अलीकडच्या वर्षांतही सुटका केली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास याच शिकागोत बेन हर्श नावाचा माणूस घरच्या बाथटबमध्ये पॉलिश घोटत होता. बेसबॉलच्या मैदानाबाहेर उभ्या गाड्यांचा एखादा मडगार्ड चमकवून ठेवायचा आणि मालक परत येईपर्यंत थांबायचा, असं कंपनी सांगते. त्यातून टर्टल वॅक्स उभी राहिली. युद्धानंतर बाजारात एकाच बाटलीत साफही करणारी आणि मेणही लावणारी उत्पादनं वाढत गेली. वेळ वाचला. पण दोन डब्यांमधला फरक लोक विसरले. आपल्याकडे तर तो फरक भाषेतही उरला नाही. काढणं असो की घालणं, आपण सगळ्याला 'पॉलिश मारलं' म्हणतो.

फियाटची वेटिंग लिस्ट

आता परत घरी येऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं. ती नोंदवल्यावर मिळायला वर्षं लागायची. गाडी घराण्यात एकदाच येते अशी स्थिती. ती गंजली तर दुसरी कुठून आणणार? त्यामुळे मुंबई-ठाण्याच्या खाऱ्या, दमट हवेत रंग सांभाळणं म्हणजे पत्रा सांभाळणं होतं. बाबांच्या रविवारच्या घासण्यामागे हौस होती तशी ही धास्तीही होती.

आणि गॅरेजमध्ये फियाटला मारलेला तो निळा? एनसी पेंट. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. ड्युकोचाच वंश. तेव्हा बाबा जे करत होते ते १९२४ च्या शास्त्राला धरून होतं. वर मेलेला थर यायचा, तो काढणं भाग होतं. चूक एवढीच की ते दर महिन्याला काढत होते. वर्षातून एकदा घासून बाकी वेळ नुसतं वॅक्स लावलं असतं तर तो लाल पट्टा कदाचित दिसलाच नसता. पण डबा एकच होता, आणि त्यावर पॉलिश लिहिलं होतं.

फडकं पांढरंच राहिलं

आता माझी चूक. बऱ्याच वर्षांनी मी पहिली नवी गाडी घेतली. लाल. वर्षभरात बॉनेटवर कबुतराने प्रसाद दिला, तो दोन दिवस उन्हात राहिला आणि खाली डाग पडला. मी स्पेअर पार्टच्या दुकानातून रबिंग कंपाउंडचा डबा आणला. बनियन आणला. बाबांसारखं गोल गोल घासायला लागलो.

थोड्या वेळाने फडकं उलटून बघितलं. पांढरं. लाल रंगाचा टिपूस नाही. मला वाटलं, अजून काही निघतच नाहीये. आणखी जोर लावला. पुन्हा पांढरं. आणखी जोर. डाग गेला. पण सहा-आठ महिन्यांनी तिथे पांढुरकं, सापाच्या कातेसारखं काहीतरी सुटायला लागलं.

गॅरेजमधल्या पेंटरने बोट फिरवून विचारलं, "साहेब, किती घासलंत? वरची लाकर गेली की हो."

झालं काय होतं? सत्तर-ऐंशीच्या दशकांत मोटारींचा रंग पुन्हा बदलला. आता रंगाचा थर वेगळा आणि त्यावर रंग नसलेला, काचेसारखा पारदर्शक थर वेगळा. त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक त्याची, उन्हापासून राखण त्याची. हल्लीच्या जवळपास सगळ्या गाड्यांना हाच असतो. गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५०. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे गाडीची सगळी चमक अर्ध्या केसाच्या जाडीवर उभी आहे, आणि कंपाउंडने जोरात घासलं की त्यातले काही मायक्रॉन कायमचे जातात.

आणि हा थर पारदर्शक आहे. तो झिजतो तेव्हा फडक्यावर काहीच दिसत नाही! बाबांना निदान निळी खूण तरी मिळत होती. मला तीही मिळाली नाही. मी बापाची सवय उचलली, पण जिच्यासाठी ती सवय होती ती वस्तूच बदलली होती. रंग बदलायला कारखान्याला काही वर्षं लागतात, हाताची सवय बदलायला एक पिढी जाते.

मग घरी करायचं काय?

बरेच जण विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. सगळं त्याच एका वाक्यातून निघतं : काढायचं कमी, घालायचं नियमित.

धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं कधीही फिरवू नका. धूळ म्हणजे बारीक वाळू. उन्हात गाडीवर जी कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल नक्षी दिसते, ती याच ओरखड्यांची. खरं तर ओरखडे कसेही आडवेतिडवे असतात. स्टीलच्या ताटात दिव्याचं प्रतिबिंब बघा, त्याच्याभोवती जशी वर्तुळं दिसतात, तसंच हे. आधी पाणी ओतून धूळ वाहू द्या. गाडी सावलीत, पत्रा गार असताना, वरून खाली धुवा. बादल्या दोन घ्या, एक शाम्पूची, एक फडकं खळबळायची. भांडी घासायचा साबण नको, तो वॅक्स धुऊन टाकतो. रॉकेलचा हात तर नकोच. चमक तासाभराची, आणि त्या तेलकटपणावर धूळ आणखी चिकटते.

धुतल्यावर हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटं पत्र्यावर फिरवा. खरखर लागली तर क्ले बार वापरा, ओल्या पृष्ठभागावर, जोर न लावता. पॉलिश फक्त ओरखडे डोळ्यांवर येत असतील तेव्हा, सगळ्यात सौम्य घ्या, आणि कडांपासून लांब राहा, कारण कडेला थर आधीच पातळ असतो. वॅक्स मात्र तीन-चार महिन्यांनी लावा. पावसाळ्याच्या आधी एकदा नक्की. पातळ हात पुरे. आणि पक्ष्याची विष्ठा दिसली की ओलं फडकं दहा मिनिटं नुसतं ठेवून उचला. मी तेवढं केलं असतं तर हा भाग झालाच नसता.

एक शेवटचं. आपल्यापैकी बरेच जण गाडी स्वतः पुसत नाहीत. सोसायटीत पहाटे एक जण येतो. एक बादली, एक फडकं आणि पंधरा-वीस गाड्या. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, विसाव्या गाडीला एकोणीस गाड्यांची वाळू. मग आपण ओरखडे बघून त्याच्यावर ओरडतो. महिन्याच्या त्या पैशांत तो वीस बादल्या पाणी कुठून आणणार? त्याला आपले दोन मायक्रोफायबर द्या, आपल्या गाडीपुरतं वेगळं पाणी द्या, आणि त्या कष्टाचे पैसे वाढवून द्या. नव्याने रंगवण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

हा भाग तयार करताना मी बाबांना सगळं सांगितलं. ड्युको, पिंप, क्लिअर कोट. म्हटलं, "बाबा, तो मळ नव्हता. रंग होता."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं मी गाडी झिजवली?"

"तेव्हा घासावं लागायचंच," मी म्हटलं. "तुम्ही थोडं जास्त घासलंत, एवढंच."

मग ते खाली आले. माझ्या गाडीच्या बॉनेटवरचा तो सुटलेला पॅच त्यांनी वाकून, चष्मा वर करून बघितला. बोट लावायला गेले आणि मागे घेतलं. म्हणाले, "आता याला हात लावू नकोस."

तुमच्या घरी जुन्या गाडीचा, पॉलिशच्या डब्याचा, रविवारच्या धुण्याचा फोटो असेल तर जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.